गूळ खाऊन ट्रायग्लिसराइड उतरत नाही ओ, मामा

"ट्रायग्लिसराइडची गोळी किडनी सडवते, स्नायू विरघळवते. फेकून द्या. साखर बंद, गूळ चालू, सकाळी चमचाभर जवस. १५ दिवसांत रिपोर्ट नॉर्मल." ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, आणि तिच्याबद्दलचा हा मेसेज आमच्या खानापूर भागात मराठीतून फिरतोय, कानडीतूनही. सीमाप्रश्नावर नाही, पण यावर दोघांचं एकमत!

मी लॅबमध्ये रक्त तपासतो. मागे एका मामांची नळी मशीनमधून फिरवून काढली, तर वर पिवळसर पाण्याऐवजी दुधासारखं पांढरं. रात्रभर उपाशी होते, तरी ट्रायग्लिसराइडचा आकडा ११००. गोळी बंद करून महिना झालेला, चहात गूळ.

किडनीचं म्हणाल तर फेनोफायब्रेट या ट्रायग्लिसराइडच्या गोळीने क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं चढतं, हे खरंय. गोळी थांबवली की बहुतेकांचं उतरतंही, म्हणजे ते सडणं नव्हे. ज्यांची किडनी आधीच अधू, त्यांना डोस कमी करतात किंवा ती गोळी देतच नाहीत. रक्त तपासून या म्हणतात ते त्यासाठीच.

स्नायूंचा धोका मुख्यतः जेमफायब्रोझिल ही त्याच गटातली गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन एकत्र घेतल्यावर वाढतो. मांड्या ठणकू लागल्या, लघवी काळपट झाली तर लगेच डॉक्टरांना गाठायचं. पित्ताशयात खडे होऊ शकतात, ते मात्र मेसेजवाला विसरला.

गोळीविरुद्ध खरा मुद्दा वेगळाच आहे. २०१० च्या अ‍ॅकॉर्ड नावाच्या, मधुमेहींवरच्या अभ्यासात स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट देऊन एकूणात हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. २०२२ मध्ये त्याच गटातल्या पेमाफायब्रेटचंही तेच. त्यामुळे आकडा २२० असेल तर "गोळी लागतेच का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. आधी दारू, गोड, वजन, शुगर, थायरॉईड बघायचं. पण ५०० च्या वर, त्यातही हजाराच्या पुढे, भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची असते. तिथे गोळी टाकून देणं म्हणजे जिवाशी खेळ.

जवसाची चटणी खुशाल खा. त्यातल्या ओमेगा-३ मधून माशाच्या तेलातलं ईपीए शरीर अगदी थोडं बनवतं, आणि औषध म्हणून ईपीए देतात तेव्हा दिवसाला ४ ग्रॅम देतात. गूळ तर बहुतांश साखरच. जादा झालेल्या साखरेचं लिव्हर ट्रायग्लिसराइडच करतं, रंग बघत नाही.

मामांना म्हटलं, आजच डॉक्टरांकडे जा, पोटात जोरात दुखलं तर थेट दवाखाना. मामा रिपोर्ट खिशात घालत म्हणाले, "पण गूळ आमच्याच उसाचा हाय ओ."