माझा अर्ज आणि आत्याची शेवंती

गेल्या वैशाखात औशाच्या आत्याने ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या शेवंतीच्या काश्या, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, माझ्या हाती ठेवल्या आणि त्याबरोबर दमही दिला, "बापू, झिप्री हाय ही. माझ्या सासूनं लावलेली. वाळवलीस तर दारात येऊ नको." दुकानातून कुंडीसकट येणारी शेवंती कशी परीटघडीची, गोलगरगरीत असते, आत्याची झिप्री तशी नव्हे. तिची पिवळी फुले आताच झोपेतून उठलेल्या पोरीसारखी विस्कटलेली असतात, आणि ती पाहिल्यावर घडीची शेवंती मला तरी कागदाची वाटते.

लातूरची काळी जमीन पाऊस पडला की पाणी धरून बसते आणि शेवंतीच्या मुळांना चिखलात पाय बुडवून उभे राहणे सोसत नाही. म्हणून मी कुंपणाच्या भिंतीलगत वाफा खणून त्यात मुरूम, वाळू आणि शेणखत घातले. ज्या शहराने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तिथे फुलझाडाला तांब्याभर पाणी घालतानाही माणूस आधी आजूबाजूला पाहून घेतो. आमच्या शेवंतीने उन्हाळा तांदूळ धुतलेल्या पाण्यावर काढला. महिन्याभराने शेंडे खुडायचे होते. ज्या रोपाला तान्ह्या बाळासारखे जपले त्याचीच मान आपल्या नखाने मोडायची, हे काम मी दोन दिवस पुढे ढकलले आणि शेवटी आत्याने फोनवर धरलेल्या तालावर ते उरकले. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात आणि फुटवे जितके जास्त तितकी फुले जास्त, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

फुटवे आले, माव्याची कीड आली, कीड गेली. दसरा झेंडूवर निभावला. दिवाळी आली तेव्हा झाडे कमरेएवढी हिरवीगार झाली होती आणि कळीचा मात्र पत्ता नव्हता. "अहो, याची भाजी होते का?" असे सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती, हेच मला जास्त लागले.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा भाचा भाऊबीजेला आला. त्याने झाडाकडे एकदा पाहिले, मग मान वर करून विजेच्या खांबाकडे पाहिले आणि विचारले, "मामा, हा दिवा कधी बसला?"

त्या दिव्याचा इतिहास मला तोंडपाठ होता, कारण तो मीच घडवला होता. गल्लीतल्या अंधाराविरुद्ध मी तीन अर्ज केले होते, घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या होत्या, आणि श्रावणात माझ्याच भिंतीसमोर तो पांढराफेक प्रकाश लागला तेव्हा गल्लीने मला नारळ दिला होता. भाच्याने सांगितले की शेवंतीला कळी धरायला लांब आणि अखंड काळोखी रात्र लागते. रात्री उजेड पडत राहिला तर ती अजून उन्हाळाच आहे असे समजून नुसती वाढत राहते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघा अमेरिकनांनी झाडांचा हा दिवसमानाचा हिशेब १९२० साली मांडला, आणि विक्रीसाठी फुले पिकवणारे शेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवतात. थोडक्यात, जे ते बिल भरून करतात ते मी अर्ज लिहून फुकटात साधले होते.

मग मेहुण्याचे वकिलीतले जुने काळे कोट उसवून, बांबूवर ताणून, रोज दिवेलागणीला मी वाफा झाकू लागलो आणि सकाळी उघडू लागलो. नेमका पहिला दिवस अमावास्येचा निघाला. तिन्हीसांजेला काळे कापड घेऊन भिंतीशी वाकलेला गृहस्थ पाहून समोरच्या आजींनी काय तर्क केला असेल, ते भानामतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला ताजे लिंबू-मिरची होते आणि मुलांचा चेंडू आमच्या अंगणात पडला तर कोणी मागायलाही येत नव्हते.

संक्रांतीला झिप्री फुलली. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरे तर असंख्य बारीक फुलांचा मेळावा असतो आणि प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूलच असते. एकाच अर्जावर सगळ्या गल्लीच्या सह्या असाव्यात तसे. सकाळच्या गारव्यात मी दांडे तिरपे कापले, पाण्यात बुडतील ती पाने काढून टाकली आणि एक दिवसाआड पाणी बदलत तांब्याचा गडू आठवड्याहून जास्त दिवस सजवला. उरलेली फुले हळदी-कुंकवाला वाटली गेली. आत्या आली, तिने फुले निरखली आणि म्हणाली, "दिवाळीचं फूल संक्रांतीला? बरं, वाळवली तर न्हाईस."

पुढच्याच आठवड्यात तो दिवा आपोआप बंद पडला. समोरच्या आजी संध्याकाळी प्रथमच दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अर्ज तुम्हीच लिवा, तुमाला जमतंय." मी होकार दिला. आता फेब्रुवारी उजाडला आहे, छाटलेल्या बुडख्यांतून नव्या काश्या डोकावू लागल्या आहेत आणि माझा अर्ज अजून "माननीय महोदय" या दोन शब्दांवर अडला आहे.