हवामानबदलाच्या धड्याला ‘दुसरी बाजू’ कोणती?

पालकांमध्ये एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हवामान पृथ्वीच्या जन्मापासून बदलतच आले आहे. हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेल्या कार्बन डायऑक्साइडने काय होणार? माणसामुळे तापमान वाढते हे निव्वळ एक मत आहे. तेव्हा शाळेत दोन्ही बाजू शिकवा, उगाच मुलांना घाबरवू नका.

हवामान पूर्वीही बदलले, हे खरेच आहे. ते का बदलले हेही ठाऊक आहे. पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतो, त्यातून हिमयुगे येतात-जातात. मागच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी सुमारे ५ अंशांनी तापली, पण त्याला जवळपास १०,००० वर्षे लागली. आता दीडशे वर्षांतच १ अंशाहून जास्त वाढ झाली आहे. कक्षा एवढ्या घाईने बदलत नाही. राहिला सूर्य. त्याची ऊर्जा १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह मोजत आहेत आणि तीत वाढ दिसत नाही. शिवाय सूर्यामुळे तापले असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होत आहे.

०.०४ टक्क्यांचा मुद्दा लवकर निकाली निघतो. कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि हे दोन्ही वायू जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ती अडवतात थोडक्या प्रमाणातले वायू. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये आणि जॉन टिंडल यांनी १८५९ पासून हे गुणधर्म प्रयोगांनी तपासले. उद्योगयुगापूर्वी दर दहा लाख भागांत २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२०च्या वर गेला आहे.

‘निव्वळ मत’ या शब्दांवर मात्र मी अडतो, कारण पुरावा इथेच सर्वांत भक्कम आहे. हवेत वाढलेला कार्बन कुठून आला, हे त्याच्या प्रकारांवरून ओळखता येते. कार्बन-१४ हा त्याचा किरणोत्सारी प्रकार दर ५,७०० वर्षांनी निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जुने, त्यांत तो उरलेलाच नसतो. शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात या कार्बन-१४ नसलेल्या ‘मृत’ कार्बनची भेसळ दाखवली. वनस्पती कार्बन-१३ हा कार्बनचा किंचित जड प्रकार कमी घेतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या इंधनातही तो कमी असतो. हवेतले त्याचे प्रमाणही त्याच दिशेने घसरते आहे. सोबत ऑक्सिजनही किंचित घटतो आहे, म्हणजे कुठेतरी ज्वलन चालू आहे. ज्वालामुखींवर आळ घ्यायचा तर हे पुरावे जुळत नाहीत, आणि त्यांचे उत्सर्जन माणसाच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. दहावीच्या मुलाला हा युक्तिवाद सहज कळतो. अशा धड्यात मुलाला काही मानायला सांगितलेले नसते, तपासायला दिलेले असते. म्हणून तो एकतर्फी म्हणता येत नाही.

मग दुसरी बाजू? विज्ञानाच्या तासाला बाजू पुराव्याने मिळते. खरे खुले प्रश्न आहेतच: तापमान वाढल्यावर ढग नेमके कसे वागतील, हिमस्तर किती वेगाने वितळतील, कोणत्या प्रदेशात पाऊस किती बदलेल. हे जरूर शिकवावेत, वर्गात त्यांवर भांडूही द्यावे. वाढ माणसामुळे झाली का, हा प्रश्न त्या यादीत बसत नाही.

भीतीचा मुद्दा मी हलका मानत नाही. मुले खरोखर अस्वस्थ होतात. पण कारण न सांगता फक्त पूर आणि वणवे दाखवले, तर ती जास्त घाबरतात. कारण माणूस असेल तर थांबवणेही माणसाच्या हातात आहे. ओझोनचा थर विरळ करणारी रसायने १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगाने बंद करत आणली आणि तो थर सावरू लागला आहे. कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले की पुढची तापमानवाढ बहुतांशी थांबते, असा आजचा अभ्यास सांगतो. धड्यात या माहितीला पूर आणि वणव्यांच्या चित्रांइतकीच जागा मिळायला हवी.