आत्याच्या फॉरवर्डमधली ‘दुर्घटना’

रविवारी सकाळी आत्यानं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. मथळा, ‘स्वस्त कपड्यांच्या नावानं गळे काढणाऱ्यांना सणसणीत उत्तर’. खाली तिची पुस्ती, ‘विचार करण्यासारखं आहे.’ हाच मजकूर त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी गप्प बसले. पण आत्यानं तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवलंय. शिलाई करणाऱ्या बायकांबद्दलचा हा मजकूर तिच्याच फोनवरून यावा, हे काही मला गिळेना.

मुद्दे पाच. बांगलादेशातल्या गरीब बायकांना या धंद्यानं पोट दिलं. तिथली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली ती दुर्घटना होती, जुन्या इमारती सगळीकडे पडतात. पगार आणि सुरक्षेचा हट्ट धरला तर कारखाने बंद पडतील. जुने कपडे गरिबांना जातात, वाया काही जात नाही. आणि सुती कापड नैसर्गिक, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो वाचूनच माझं डोकं फिरलं.

‘जुनी इमारत’? ढाक्याजवळच्या सावरमधली ती आठ मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. परवानगी दुकानं आणि ऑफिसांसाठी होती. वर बेकायदा मजले चढवले आणि पाच गारमेंट कारखाने थाटले. हे मी म्हणत नाही, बांगलादेश सरकारच्याच चौकशी समितीनं मे 2013 मध्ये सांगितलंय. पाणथळ जागेवर भराव, हलक्या प्रतीचं लोखंड आणि सिमेंट, वर अवजड यंत्रं आणि जनरेटर.

आता क्रम बघा. 23 एप्रिल 2013 ला खांबांना तडे गेले. टीव्हीवर दिसले. पाहायला आलेल्या इंजिनिअरनं इमारत धोकादायक ठरवली. खालच्या मजल्यांवरच्या बँकेनं आपल्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं, दुकानं बंद राहिली. मालक सोहेल राणा मात्र पत्रकारांना सांगत होता, काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार बाहेर घुटमळत उभे राहिले, तर आत या, नाहीतर महिन्याचा पगार विसरा, असा दम मिळाला. गेले आत. थोड्या वेळानं वीज गेली, वरचे जनरेटर धडधडायला लागले, आणि नऊ वाजायच्या आत सगळी इमारत खाली बसली. 1134 माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी. चार दिवसांनी सोहेल राणा भारताच्या सीमेजवळ, बेनापोलला, पळून जाताना पकडला गेला. दुर्घटना झाली म्हणून सीमेकडे कोण पळतं?

बरं, हे काही एकदाच झालं असंही नाही. पाचच महिने आधी, 24 नोव्हेंबर 2012 ला, ढाक्याजवळच्याच ताझरीन नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. घंटा वाजली तेव्हा ‘काही नाही, कामाला बसा’ म्हणाले. किमान 112 जण गेले. बाहेर पडायच्या वाटांना कुलपं होती.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, कबूल. सुमारे चाळीस लाख माणसं या धंद्यात आहेत, त्यांत बायका जास्त. गावातून आलेल्या कितीतरी पोरींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, काहींची लग्नंही त्यामुळे उशिरा झाली. हे मोठंच आहे. पण तेव्हा किमान पगार होता महिना 3000 टाका (हे बांगलादेशचं चलन). आणि पोट दिलं म्हणून दाराला कुलूप लावायचं, हा हिशेब फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं स्वतःच्या घरातल्या कमावत्या बाईला मांडून दाखवावा.

तिसरा मुद्दा तर घडून गेलेल्या गोष्टीनंच खोटा पडलाय. मे 2013 मध्ये ब्रँड आणि कामगार संघटनांत ‘अकॉर्ड’ नावाचा करार झाला. नुसतं आश्वासन नाही, कायद्यानं बांधणारा करार. दोनशेवर ब्रँडनी सह्या केल्या. कारखाने तपासले, खांब मजबूत केले, आगीतून सुटायच्या दारांवरची कुलपं काढायला लावली. त्याच वर्षाअखेर किमान पगार 5300 टाका झाला. कारखाने पळाले? पुढच्या दहा वर्षांत बांगलादेशची कपड्यांची निर्यात दीडपटीहून जास्त झाली. म्हणजे आता सगळं छान चाललंय असं नाही. 2023 मध्ये कामगार 23,000 टाका मागत रस्त्यावर उतरले, मिळाले 12,500.

जुन्या कपड्यांचं थोडक्यात. घानाच्या राजधानीत, अक्राला, कांतामांतो नावाचा बाजार आहे. श्रीमंत देशांनी ‘दान’ केलेल्या कपड्यांचे गठ्ठे तिथे येतात. लोक त्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. विकण्याजोगे विकतात, उरलेले कचऱ्यात, नाल्यात, शेवटी समुद्रकिनाऱ्यावर. लांब कशाला जायचं? आमच्या दारावरची बोहारीण आईच्या सुती साड्यांवर डबा देते. माझ्या लेगिंग्ज ताणून बघते आणि पुन्हा माझ्यापुढेच ठेवते.

सुती कापडाबद्दल एवढंच, की 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारणी मुख्यतः कपाशीवर होती. नैसर्गिक, होय.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भावानं अंगठ्याचा इमोजी टाकला. आत्याचा दुपारी फोन आला. पगार, निर्यात, घाना, कशावरच बोलली नाही. म्हणाली, “त्या बँकवाल्यांनी वरच्या पोरींना सांगितलं नसेल का गं?”

“अगं, टीव्हीवर दाखवत होते. त्यांना माहीत होतं.”

बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, टाकलेला मेसेज काढायचा कसा. फोनवरून समजावलं तर तिनं माझाच काढला असता. संध्याकाळी जाऊन दाखवते म्हटलंय.