चौकटीत स्क्रूड्रायव्हर घुसला तेव्हा...

पडकं घर घेऊन दुरुस्त करून विकायचं यावरून एका नवरा-बायकोची भांडणं झाल्याची पोस्ट वाचून हसूच आलं, आमच्याकडे दादा आणि बाबांचं सेम झालेलं. दादाचा हिशोब टाइल्स, रंग, किचन एवढाच, बाबांनी दाराच्या चौकटीत सहज स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत, वाळवी! तरी दादा म्हणे चौकट बदलू की. फ्लिपिंगवाले, म्हणजे असं घर घेऊन, दुरुस्त करून विकणारे, सांगतात दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के काढा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा आणि घर घेताना त्या रकमेच्या वर जाऊ नका, पण तो खर्चच अंदाजपंचे धरला तर काय उपयोग? शिवाय घर विकेपर्यंत कर्जाचं व्याज चालूच. आईचं वेगळंच, तोटा झाला तर कोण भरणार ते आधी बोला म्हणे, तेव्हा मात्र दोघंही गप्प 😄