स्त्रीलिंगी काच, पुल्लिंगी काच

रविवारी सकाळी मोबाईल ओट्यावरून पालथा पडला. उलटा करून पाहतो तर कोळ्याचं जाळं! "काच फुटली!" मी ओरडलो. आई परातीतला कणकेचा गोळा घेऊन धावली, "अनवाणी हलू नकोस." गोळा फरशीवर दाबून ती बारीक काचा टिपायला लागली. काच मोबाईललाच चिकटून आहे हे पटेपर्यंत निम्मं स्वयंपाकघर टिपून झालं होतं. बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणायचं. मोबाईलला ती सोय नाही, तिथे बिल वाढतं.

दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, ग्लास गेलाय की काच गेलीय?"

('काका' मी गिळलं.) "दोन्ही एकच ना?"

त्याने दयेने पाहिलं. ग्लास म्हणजे वरून चिकटवतात तो, दीडशे रुपये. काच म्हणजे त्याखालची. ती गेली की डिस्प्ले बदलायचा, आणि त्याचा आकडा त्याने मी स्टुलावर बसल्यावरच सांगितला. मग नखाने कोपरा उचकटायला लागला. माझा घसा कोरडा पडला. "ग्लासभर पाणी मिळेल?" ग्लास आला तो प्लास्टिकचा.

वाळू, सोडा आणि चुनखडी दीड हजार अंशांच्या आसपास वितळवली की काच होते म्हणे. आमच्या घरच्या एकाही ग्लासाने ती भट्टी पाहिलेली नाही. सगळे स्टीलचे, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी मावशीच्या लग्नाची तारीख घातलेले. आकडा नीट वाचावा म्हणून चष्मा पुसला, तर त्याच्या 'काचा'ही प्लास्टिकच्या. आणि जिला खरोखर काच म्हणावं, ती या पोराच्या नखाखाली!

त्यातून मोबाईलचे 7 हप्ते अजून बाकी. हा दुसरा काच, पुल्लिंगी. नाडीचा असतो, सासरचा असतो, हप्त्यांचाही असतो. ओट्यावरून टाका, जिन्यावरून टाका, त्याला तडा म्हणून जात नाही.

"वाचलात काका. नुसता ग्लासच."

दीडशे दिले. 'काका'ही माफ केलं.

दुपारी ताटात गरम पोळी आली. मला एकदम आठवलं. "आई, तो सकाळचा गोळा टाकलास ना?"

"काच कुठे सांडली होती?" आई म्हणाली. "गप जेव. लागतंय का काही दाताला?"