कॉम्प्युटर म्हणतो, नेटची केबल जोडलेली नाही म्हणे!

जोडलेली आहे रे! टेबलाखाली पालथा पडून, तोंडात टॉर्च धरून बघतोय मी. खटका टक्कन बसलाय, हिरवा दिवा लागलाय. वर येऊन बघतो तर पडद्यावर तेच, 'केबल जोडलेली नाही'. मग काय मी खाली सुतळी लावलीये?

काल रात्री साहेब म्हणाले, "स्क्रीन शेअर कर." त्याच क्षणी लॅन कार्डाने, म्हणजे कॉम्प्युटरला वायरीने नेट देणाऱ्या भागाने, मान टाकली. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, असा माझा थिजलेला चेहरा सगळ्या टीमने चार मिनिटं पाहिला. एका नगाने त्याचा स्टिकर केलाय. आज सकाळी 'गुड मॉर्निंग'ला तोच आला. एचआरकडूनसुद्धा!

तपासायला बसा, तर हे कार्ड शहाणं बाळ. पिंग लावून, म्हणजे राउटरला सारख्या हाका मारून, तासभर बघत बसलो, डेटाचं एक पाकीट चुकेल तर शपथ. चहाला उठलो की झोपलं. परत येऊन बघावं तर नेटवर्कचा पत्ता १६९.२५४ पासून सुरू होणारा, म्हणजे राउटरशी बोलणंच नाही. का? तर वीज वाचवतंय! जेमतेम एखादा वॅट खाणारं हे ध्यान वीज वाचवणार, आणि शेजारी गीझर सकाळपासून चालू. सेटिंगमधली वीजबचतीची खूण मी काढतो, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की पुन्हा हजर. आणि नेट गेल्यावर नेटचा ड्रायव्हर नेटवरून उतरवा म्हणणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

कस्टमर केअर वेगळंच. "सर, राउटर बंद करून चालू करा." अहो, मोबाइलवर वायफाय मस्त चालतंय! "हो सर, एकदा बंद करून चालू करा." यांच्याच माणसाने भिंतीला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं होतं. अजून तिथून मुंग्या येतात.

आई म्हणते, "वायफाय आहे ना, मग वायरीत कशाला जीव अडकवतोस?" तिला काय सांगू!

दोन दिवस ड्रायव्हर काढले, घातले, कार्डाच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी दहावीतली भाची म्हणाली, "मामा, केबल बदलून बघितलीस?" ती कशाला बदलू, तिच्या टोकाचा प्लग मी स्वतः क्रिंप केलाय, म्हणजे दाबून बसवलाय! 'माणूस कशाला बोलवायचा, मी करतो' असं म्हणून, खास क्रिंपर विकत आणून.

तर, केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडी प्लगच्या टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. १०० एमबीपीएसच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. बिचारं कार्ड झोपेतून उठलं की दर वेळी हजाराला झेपावायचं, तोंडावर पडायचं आणि शंभरावर यायचं. पडद्यावर वेगासमोर '१००' असं आठ महिने लिहिलेलं होतं. मी बघितलं नाही.

नवी केबल घातली. १००० दाखवतंय. वीजबचतीची खूण पुन्हा काढली, कारण त्या बाबतीत मी अजूनही बरोबरच आहे. क्रिंपर भाचीने जप्त केलाय. आई विचारतेय, जुनी वायर गॅलरीत कपडे वाळत घालायला घेऊ का. घे म्हटलं. तिथे तपकिरी जोडी लागत नाही.