भाताचं वजन भरतं, मग तांदूळ जातो कुठे?

डिसेंबर-जानेवारीत नवा तांदूळ मुंबईत आला की दुकानांतून तीच तक्रार ऐकू येते. शीत मोडतं, भाताचा गोळा होतो, पिशवीच्या तळाशी कणीच कणी. गिऱ्हाईक म्हणतं भेसळ, दुकानदार गिरणीवाल्याकडे बोट दाखवतो. भेसळ होते, नाही असं नाही. (पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या वाडा कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्या नावाने इथे विकला जाणारा सगळा तांदूळ वाड्याचा असतो, असं समजू नका.) पण कणीचं मूळ बरेचदा शेतातच असतं, आणि त्याकडे आपलं लक्षच नाही.

मूठभर तांदूळ काळ्या कागदावर पसरा. चांगला दाणा काचेसारखा आरपार दिसतो. काही दाण्यांच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग दिसेल. काही जातींत तो थोडाफार असतोच, पण तीच जात एखाद्या वर्षी जास्त पांढरी निघाली, तर दाणा भरताना उष्मा होता का, हे आधी विचारावं.

भाताचं पीक निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, पुढचे तीनेक आठवडे दाण्यात पिष्ट साठतं. या काळात दिवसरात्रीचं सरासरी तापमान २६-२७ अंशांच्या वर राहिलं, की दाणा घाईघाईत भरतो. पिष्ट तयार करणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात, ते तोडणारी जोर धरतात. पिष्टाचे कण घट्ट बसत नाहीत, मधे हवेच्या पोकळ्या राहतात, आणि तोच तो पांढरा डाग. रात्रही तापलेली असली की रोपाची साखर श्वसनातच खर्च होते, म्हणून दुपारच्या उन्हाइतकंच रात्रीच्या उकाड्याकडेही बघायला हवं. शिवाय उष्म्यात बहुतेक जातींत अमायलोज, म्हणजे पिष्टातला भात मोकळा ठेवणारा घटक, घटतं, म्हणून भात मऊ आणि चिकट होतो.

खरा तोटा गिरणीत दिसतो. तुसासकटच्या १०० किलो भातातून साधारण २० किलो तूस, ८-१० किलो कोंडा आणि ६७-७० किलो तांदूळ निघतो. माल उत्तम असेल तर त्यात ५०-५५ किलो अखंड दाणा. पोटपांढरा दाणा पॉलिशच्या दाबाखाली मधोमध मोडतो, अखंड तांदूळ ४० किलोच्याही खाली येऊ शकतो, आणि कणीला भाव किती मिळतो ते सांगायला नको. जपानमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात उष्म्याने असाच दाणा पांढरा पडला. निइगाता प्रांताच्या कोशिहिकारी या नावाजलेल्या जातीत पहिल्या प्रतीचा माल जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास भरला.

कोकणात याच्या जोडीला परतीचा पाऊस. मुंबईतून मान्सून माघारी जाण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात तोवर कापणीला आलेलं असतं. कापून शेतात पसरलेलं भात दिवसा उन्हात वाळतं आणि रात्री दवाने किंवा सरीने पुन्हा भिजतं. वाळलेला दाणा पाणी ओढतो तेव्हा बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो, आणि दाण्याला आडवी चीर जाते. तुसाच्या आत ती दिसत नाही, गिरणीत कळते.

म्हणून लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे सोनेरी झाले की कापावं, तेव्हा ओलावा २०-२२ टक्के असतो. पूर्ण वाळायची वाट बघू नये. शक्यतो चोवीस तासांत झोडणी करून, पातळ थर देऊन, वरचेवर हलवत १३-१४ टक्क्यांवर आणावं. रात्री ताडपत्री हवीच. दाणा भरत असताना शेतात ३-५ सेंटिमीटर पाणी राखलं तर उष्म्याचा मार थोडा कमी होतो. नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावं, दाणा भरताना ते कमी पडलं तर पांढरेपणा वाढतो. यातलं किती शक्य आहे? मजूर मिळत नाहीत आणि ओलावामापक घरोघरी नसतो, हेही खरंच.

माझा राग हिशेबाच्या पद्धतीवर आहे. सरकारी पीक कापणी प्रयोगात हेक्टरी किती किलो भात आलं ते मोजतात, विम्याची भरपाईही मुख्यतः त्यावर ठरते. वजन भरलं की नुकसान नाही! त्या भातातून अखंड तांदूळ किती निघाला, हे कुणी विचारत नाही. प्रत्येक महसूल मंडळातला थोडा नमुना छोट्या चाचणी-गिरणीत भरडून अखंड दाण्याचं प्रमाण नोंदवणं अवघड नाही. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, सुरुवात तिथून करता येईल. नवीन वाण निवडतानाही उत्पादनासोबत गरम रात्रीत पोट किती पांढरं होतं, हा निकष लावावा.

तोवर मोडका-पांढरा माल वाचवायचा जुना उपाय कोकणाकडेच आहे, उकडा. भात भिजवून वाफवलं की आतलं पिष्ट फुगून एकजीव होतं, पोकळ्या आणि चिरा भरून निघतात, वाळल्यावर दाणा टणक होतो आणि गिरणीत टिकतो. मुंबईकरांना पांढराशुभ्र दाणाच हवा असतो, म्हणून उकड्याला इथे गिऱ्हाईक कमी. आणि घरात चिकट होणारा नवा तांदूळ आलाच असेल, तर रगडून धुऊ नका, पाणी नेहमीपेक्षा पाव वाटी कमी घाला आणि कुकरऐवजी पातेल्यात शिजवा.